हळू जाणारा हात

श्रावण उतरणीला लागला की आमच्या वाशिमच्या बाजारात दोरांची दुकानं रस्त्यावर येतात. एरवी कुठे दडलेली असतात कोण जाणे. लाल-पिवळे कासरे, गोंडे, घुंगरमाळा, शिंगांना लावायचे चमकीचे कागद, आणि कोपऱ्यात मातीचे बैल, सगळे तोंडं रस्त्याकडे करून उभे. घेणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या दारात आता बैल नाही, ट्रॅक्टर आहे. तरी लोक घेतात. मीही परवा एक गोंडा घेतला. आमच्या घरी बैल सोडा, मांजरही नाही. कशाला घेतला ते विचारू नका. कोथिंबिरीच्या जुडीवर तो ठेवला आणि घरी येईस्तोवर पिशवीत डोकावत राहिले.

पाय धुते न धुते तोच फोन टिंग करून वाजला. माझी लेक मनू पुण्यात नोकरी करते, तिनं एक चित्र पाठवलं होतं. पिवळं आभाळ, मागं निळा डोंगर, आणि पुढं पांढऱ्या झग्यातली एक बाई. डोक्यावर फुलं, कमरेला फुलांची वेल, आणि डोक्याच्या वर हवेत एक आडवा पडलेला आठ. ही बाई वाकून एका सिंहाच्या तोंडाला दोन्ही हात लावून उभी होती. चेहऱ्यावर भीती नाही, मर्दुमकी नाही, काही नाही. बाळाचं तोंड पुसताना आईचा चेहरा असतो तसा.

मनूचं हे नवं वेड. आषाढात तिची दुचाकी ओल्या रस्त्यावर घसरली आणि उजवा हात मोडला. हात पलस्तरात असला की माणूस काय काय शिकतो. ही फोनवर बघून बघून टॅरोचे, म्हणजे भविष्य सांगायचे, पत्ते वाचायला शिकली. आमच्या घराण्यात पत्ते म्हणजे बदाम सात आणि झब्बू, त्यापलीकडे कोणाची मजल गेली नव्हती. मी फोन लावला.

"ही बाई त्या सिंहाचे दात पाहून राह्यली का व?"

"आई! त्या कार्डाचं नाव आहे बळ. पण दंडातलं बळ नाही. आतलं. मनातलं धैर्य."

"मंग चांगलं हाय की."

"माझं उलटं आलं ना पण. बाईचं डोकं खाली, पाय वर. उलटं आलं म्हणजे भीती. स्वतःवरचा विश्वास गेलेला."

"उलटं आलं तं सुलटं कर. पत्ताच तं हाय."

ती हसली. हसता हसता थांबली. मग विचारलं, "आई, पण तुला काय वाटतं? ती त्या सिंहाचं तोंड उघडतेय की बंद करतेय? सगळे वेगवेगळं सांगतात."

मला काही वाटायच्या आत तीच पुढं बोलली, आवाज खाली आणून. "हात आता बरा आहे. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवायला हरकत नाही. पण मी पार्किंगमधून जाते ना, तर त्या गाडीच्या बाजूनं जातच नाही, मागच्या दारानं जाते. विकून टाकते, आई. वेडी झालीय ती गाडी."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. असाच श्रावण होता आणि सांगणारा माणूस ओट्यावर बसला होता, मांडीवरचा व्रण चोळत. तोही मागच्या दारानंच जायचा.

मनू तेव्हा झोळीत होती. किन्हीराजाच्या पुढं, आडरस्त्यावर आमचं गाव. माझे यजमान शिरपूरला शाळेत मास्तर होते, तिथंच खोली करून राहायचे, शनिवारच्या बसनं यायचे. शेती भासऱ्यांकडे. नवऱ्याच्या मोठ्या भावाला आमच्याकडे भासरे म्हणतात. उंचापुरा माणूस, आवाज असा की त्यांनी बांधावरून हाक मारली की घरात चहाचं आधण चढायचं. आणि त्यांची बायको वच्छलाबाई, माझी मोठी जाऊ. मी त्यांना मोठ्याबाई म्हणायची, पण मोठं त्यांच्यात काहीच नव्हतं. अंगानं काडी, आणि बोलणं इतकं हळू की दाण्यावरच्या कोंबड्यासुद्धा त्यांच्या हाकेनं हलत नसत. या दोघांचं कसं जमलं असेल, असा विचार मी नवी नवरी असताना पुष्कळ वेळा केला होता.

दारात दोन बैल. भुऱ्या बाजारातून आणलेला, गरीब, पाठीवर पोरं बसली तरी ढिम्म. दुसरा लाख्या. लाखेच्या रंगाचा, घरच्याच गाईचा गोऱ्हा. भासऱ्यांनी त्याला अंगाखांद्यावर वाढवला होता म्हटलं तरी चालेल. जेवण झालं की ताटातली शेवटची चतकोर घेऊन ते गोठ्यात जायचे. ती चतकोर लाख्याची. भाकर कमी पडली तर स्वतःची कमी करायचे, त्याची नाही. सासूबाई म्हणायच्या, "दोन पोरी नांदाले धाडल्या, हा काही सासरी जात नाई."

तो आषाढ फार ओला होता. पाऊस मोठा नाही, पण दिवसभर बुरबुर. अशा पावसात आमच्याकडे शेतकरी एक युक्ती करतात. खताच्या पोत्याच्या आत प्लास्टिकची पिशवी असते, ती कोपऱ्यात दुमडून डोक्यावरून घ्यायची, झाली खोळ. भासऱ्यांनी त्या दिवशी कोरी पिशवी काढली होती. कोरं प्लास्टिक फार वाजतं. ते जू ठेवायला लाख्याच्या बाजूला वाकले, नेमका वारा सुटला, आणि ती खोळ फाडकन त्याच्या डोळ्यांवर आली. लाख्यानं मान झटकली. तेवढंच. पण मानेला शिंग असतं. भासऱ्यांची मांडी उभी फाटली.

आमच्या तालुक्याच्या, मालेगावच्या दवाखान्यात टाके पडले. जखम भरायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला आणि ती भरली. काठी आली, काठी गेली. पण भासरे गोठ्याकडे गेले नाहीत. विहिरीवर जायची वाट गोठ्यावरून होती. ते मागच्या दारानं, दगडगोट्यांतून वळसा घालून जायचे. गोठ्यात घंटी वाजली की हातातला घास थांबायचा. आणि तो आवाज, बांधावरून घरात पोचणारा, तो गेलाच. बोलायचे ते जेवढ्यास तेवढं. एका संध्याकाळी ओट्यावर बसून, कोणाकडे न बघता म्हणाले, "लाख्या मारका झाला. पोळा झाला का दलालाले देऊन टाकतो."

मारका बैल कोणताच शेतकरी घेत नाही. मग दलाल तो कुठे नेतो, हे आमच्या गावातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. सासूबाई उठून आत गेल्या. मोठ्याबाई निवडत होत्या ती डाळ निवडत राहिल्या. मला वाटलं त्यांनी ऐकलंच नाही.

पुढच्या दिवशी पहाटे त्यांनी मला उठवलं. "सुमन, तुले डवरा धरता येते का?"

"नाई."

"मलेबी नाई. चाल."

सोयाबीनच्या दोन तासांमधलं, म्हणजे ओळींमधलं, तण काढायचं, माती भुसभुशीत करायची, ती डवरणी. आमच्याकडे एक जोडी दोन डवरे ओढते, म्हणून मागं माणसंही दोन लागतात. भासरे आणि एक गडी, अशी जोडी असायची. गडी त्या वर्षी मिळेना, कारण तण सगळ्यांच्याच वावरात एकदम उगवतं. आणि ते कोणाची वाट पाहत नाही. म्हणजे उरलो आम्ही दोघी जावा. सासूबाईंनी झोळीची दोरी हातात घेतली आणि मनूची चिंता करू नको म्हणाल्या.

आमच्या घरात बायका बैलांना चारा टाकत, पाणी दाखवत, शेण काढत. पण मुसकं घालणं आणि जू ठेवणं हे पुरुषांचं काम. मुसकं म्हणजे दोरीची जाळी, बैलानं चालता चालता पीक खाऊ नये म्हणून तोंडाला बांधतात. बांधायचं तर दोन्ही हात थेट त्याच्या जबड्याशी न्यावे लागतात. शिंगं तुमच्या कपाळाच्या दोन्ही बाजूंना येतात. मी भुऱ्याचा कासरा धरून त्याच्याच आडोशाला उभी राहिले.

मोठ्याबाई लाख्यासमोर गेल्या. पदर खोचला होता, डोक्यावर काही नव्हतं, केसांवर पाण्याचे बारीक थेंब. त्यांनी उजवा हात पुढं केला. उघडा, पंजा वर, त्याच्या नाकाच्या खाली. आणि उभ्या राहिल्या. मला वाटलं आता घालतील, आता घालतील. छे. चुलीवर ठेवून आलेला चहा आटला असेल, इतका वेळ त्या नुसत्या उभ्या. लाख्या फुसफुसला, मान वर केली, खाली केली. मग त्यानं नाक त्या हातापाशी आणलं. हुंगलं. मोठ्याबाईंनी डाव्या हातातलं मुसकं तेही त्याला हुंगू दिलं. मग त्यांचे हात त्याच्या तोंडाशी गेले. इतके हळू की हात कधी निघाला आणि कधी पोचला, ते मला सांगता येणार नाही. गाठ बसली. त्या मागं सरकल्या आणि म्हणाल्या, "आता तुह्या डोक्यावरचं ते प्लास्टिक काढ."

"भिजन ना मी."

"भिज. थो त्याच्या आवाजाले भेते."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्या दिवशी गोठ्यात दोघं घाबरले होते. एकाची जखम दिसली, दुसऱ्याची कोणी पाहिली नाही. मी प्लास्टिक काढलं आणि आठ दिवस शिंकत राहिले.

त्या दिवसांचा वास अजून माझ्या नाकात आहे. ओल्या मातीचा म्हणतात तो नाही, तो सगळ्यांनाच येतो. कापलेल्या तणाचा हिरवा, किंचित कडू वास, त्यात बैलाच्या ओल्या पाठीचा वास, त्यात आमच्या भिजलेल्या लुगड्यांचा. डवऱ्याची पास, म्हणजे लोखंडी पातं, मातीत सरकते तेव्हा एक बारीक खर्र आवाज येतो. मधेच दगड लागला की टण्ण. टिटव्या ओरडायच्या. सुरुवातीला माझा डवरा हमखास तासावर चढायचा आणि तणासोबत सोयाबीनही साफ. मोठ्याबाई वळून बघायच्या आणि म्हणायच्या, "राहू दे, तेवढं पाखराचं." पाखरांचा वाटा त्या वर्षी जरा जास्तच झाला.

बांधावरून जाणारी माणसं थट्टा करत. एक जण म्हणाला, "आता बाया डवरून राह्यल्या. आपून घरी जाऊन सयपाक कराव."

"करा ना बापा," मोठ्याबाई मान वर न करता म्हणाल्या, "मीठ बेतानं घालजा."

तो माणूस हसत गेला. त्यांना असं बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं. बहुतेक त्यांनाही नसावं.

दुपारी आंब्याखाली शिदोरी सोडली. भाकर, ठेचा, कांदा. मोठ्याबाई भाकरीचा तुकडा मोडत होत्या आणि त्यांचा हात थरथरत होता. थंडीनं असेल म्हणून मी शिदोरीचं कोरडं फडकं पुढं केलं. त्यांनी मान हलवली.

"मोठ्याबाई, तुमाले लाख्याचं भेव नाई लागत?"

"लागते ना व." जणू मी मीठ हवं का विचारलं होतं. "रोज लागते. सकाळी डोये उघडले का आंधी तेच आठोते."

"मंग?"

त्यांनी भाकरीवर ठेचा लावला. "भेव लागते मनून तं हात हळू जाते. हात हळू गेला का त्यालेबी बरं वाटते. ज्याले भेव नाई त्याचा हात भसकन जाते. ह्यायचा जात होता तसा." मग हातावरचं पीठ झटकून म्हणाल्या, "उठ. आभाळ पाह्य."

मी तेव्हा बी.ए.पर्यंत शिकलेली होते आणि धैर्य म्हणजे भीती नसणं, असं मला वाटायचं. ते काही चुकीचं नसेलही. पण त्या काडीएवढ्या बाईचा थरथरणारा हात पाहिला आणि मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही. तोंडात ठेचा होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि दोन्हीचं कारण एकच आहे असं मी त्यांना भासवलं.

खरी गंमत मात्र संध्याकाळी असायची. वावरातून आलो की मोठ्याबाई हातपाय धुऊन ओट्यावर, भासऱ्यांच्या पायथ्याशी बसायच्या आणि बोलू लागायच्या. त्यांना म्हणून नाही, अशाच, हवेला. "आज लाख्यानं नाल्याकडचं सारं काढलं." "आज भुऱ्या बसला, तं लाख्या त्याच्यासाठी थांबला." परगावी गेलेल्या नातेवाइकाची खुशाली सांगावी तसं. भासरे तोंड फिरवायचे. त्या बोलणं थांबवायच्या नाहीत आणि वाढवायच्याही नाहीत. तुम्ही भ्यालात, असं एकदाही म्हणाल्या नाहीत. तुम्ही या, असंही नाही. मला राग यायचा. मी असते तर बोलून बोलून घर डोक्यावर घेतलं असतं.

एकदा भासऱ्यांनी विचारलंच. "मुसकं कोन घालते?"

"मी."

"हात दाखव."

मोठ्याबाईंनी हात पुढं केला. बायकोचा हात धाकट्या भावजयीसमोर धरायची आमच्याकडे रीत नाही, पण भासऱ्यांनी धरला. पालथा करून पाहिला, उताणा करून पाहिला. कुठे खरचटलंय का, शिंग लागलंय का, बोटबोट तपासलं. मग सोडला. मी पटकन झोळीपाशी गेले आणि झोपलेल्या मनूला उगाच झोका देत बसले.

डवरणी संपली. सोयाबीन फुलावर आलं की वावरात बैल घालत नाहीत. आता मुसक्याचं काम नाही, मोठ्याबाईंकडे सांगायला खुशालीही नाही. पोळा मात्र जवळ येत होता आणि दलालाचा निरोप येऊन गेला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो टेम्पो घेऊन येणार होता.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा घट्ट, काळा झालेला असतो. त्याला कोमट पाण्यानं शेकायचं, हळद-लोणी चोळायचं, आणि जेवायला बोलवायचं. अगदी पाहुण्याला बोलवावं तसं, आदल्या दिवशी, अदबीनं. आज आवतण घ्या, उद्या जेवायले या. आमच्या घरी हे आवतण कारभारी देतो. दुसऱ्या कोणी दिलेलं चालत नाही.

त्या संध्याकाळी पुन्हा तीच बुरबुर लागली होती. सासूबाईंनी पळसाच्या पानावर लोण्याचा गोळा आणि हळद काढून दिली. मोठ्याबाई पान घेऊन ओट्यासमोर उभ्या राहिल्या.

"अवो, चाला."

"तूच कर. तुले लय जमते आता."

"चोयाले चोयीन मी. पन आवतन तुमालेच द्या लागते."

"ज्याले उद्या परवा धाडाचं, त्याले आवतन कायले?" भासरे म्हणाले. आवाज कोरडा होता.

"धाडा ना. तुमचा बैल, तुमी खुशाल धाडा." मोठ्याबाईंचा आवाज नेहमीइतकाच हळू. "पन उपाशी नका धाडू. आवतनाबिगर थो कसा जेवन?"

आणि त्या वळल्या आणि गोठ्यात गेल्या. मी कंदील घेऊन मागं. लाख्या दावणीला उभा होता, भुऱ्या त्याच्या पलीकडे. मोठ्याबाईंनी पान बाजूला ठेवलं, लाख्याच्या तोंडाशी गेल्या आणि नेहमीसारखा हात धरून उभ्या राहिल्या. खांद्याला हात लावला नाही. नुसत्या उभ्या. त्यांना उभं राहणं किती येत होतं!

गोठ्याच्या दारातून ओटा दिसायचा. भासरे बसलेले दिसत होते. मग ते उठले. आढ्याला लटकवलेली प्लास्टिकची खोळ सवयीनं ओढली, डोक्यावर घेतली, दोन पावलं आले. प्लास्टिक वाजलं. लाख्याचे कान ताठ झाले. अंगणाच्या मधोमध भासरे थांबले, आणि मला वाटलं, संपलं, आता हे परत फिरतात.

त्यांनी खोळ काढली. घडी केली, भिंतीवर ठेवली, वर दगडसुद्धा ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून. आणि उघड्या डोक्यानं, भिजत, लंगडत गोठ्यात आले.

मोठ्याबाईंनी दोन्ही हात लाख्याच्या जबड्याला लावले, दोन्ही बाजूंनी, बांगड्या मागं सारून. भासऱ्यांनी लोण्याचा गोळा घेतला. इतका मोठा हात, आणि त्यातलं लोणी हलत होतं. ते खांद्याजवळ नेलं, आणि लाख्यानं नाकातून फुर्र केलं. भासरे एकदम मागं सरले, माझ्या अंगावरच आले. कंदील हिंदकळला. कोणी हसलं नाही. मोठ्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही, त्या लाख्याच्या कपाळाशी काहीतरी पुटपुटत राहिल्या. भासरे पुन्हा पुढं झाले. या वेळी हळू. माझ्या जन्मात मी त्यांचा हात इतका हळू गेलेला पाहिला नव्हता.

लोणी खांद्याला लागलं. त्यांनी चोळलं, पुन्हा चोळलं, तळव्यानं, मग बोटांनी, मग कोपरापर्यंत हळद माखली तरी चोळत राहिले. आवतण द्यायचं होतं.

"आज आवतन घ्या," ते म्हणाले, आणि पुढचं म्हणता म्हणता त्या बैलाच्या पाठीवर डोकं टेकून रडले. "उद्या जेवाले या, बापा. उद्या जेवाले या."

दलाल आला तेव्हा भासऱ्यांनी त्याला ओट्यावर बसवून पुरणपोळी वाढली आणि रिकाम्या टेम्पोसह परत पाठवला. पोळ्याला तोरणाखाली लाख्याला त्यांनीच नेलं. कासरा मात्र चांगला लांब धरला होता. गावानं पाहिलं, थट्टा केली, त्यांनीही ऐकून घेतली. कासरा आखूड व्हायला पुढचा उन्हाळा उजाडला. लाख्या आमच्या दारातच म्हातारा झाला आणि आमच्याच बांधावर मातीआड गेला.

आता भासरे नाहीत. गोठ्यात ट्रॅक्टर उभा असतो. मोठ्याबाई आहेत, पाठीतून वाकल्या आहेत, पण कान शाबूत. मनूचं ते चित्र मी गावात त्यांच्या शेजारच्या मुलीच्या फोनवर पाठवलं आणि तिलाच त्यांच्याजवळ बसवून फोन केला. त्यांनी फोन डोळ्यांशी नेऊन चित्र न्याहाळलं असावं, कारण त्यांचा श्वास अगदी जवळून ऐकू येत होता.

"वाघ हाय का हा?"

"सिंह."

"याले वेसन नाई." काळजीचा सूर.

"मोठ्याबाई, मनू विचारते, ही बाई त्याचं तोंड उघडून राह्यली का बंद करून राह्यली?"

"काहीच नाई करून राह्यली," त्या लगेच म्हणाल्या. "वास देऊन राह्यली त्याले. आंधी आपला वास द्या लागते. मंग तोंड उघडाचं का बंद कराचं ते पुढचं." मग थांबून म्हणाल्या, "पोट्टीचा हात बरा झाला का?"

मी मनूला सगळं सांगितलं. लाख्याचं, खोळीचं, भासऱ्यांचं. तिला ते मोठे काका म्हणून आठवतात, मोठ्या आवाजाचे. ते रडले हे तिला खरं वाटेना. गाडी विकू नकोस, असं मी म्हटलं नाही. चालव, असंही नाही. मोठ्याबाईंकडून एवढं तरी शिकले असेन. फक्त म्हटलं, उद्या इकडे खांदमळणी आहे.

ती म्हणाली, "हो का," आणि फोन ठेवला.

आज संध्याकाळी मी तो गोंडा खिडकीच्या गजाला बांधला. गल्लीत पोरं मातीच्या बैलांवरून भांडत होती. दिवेलागणीला फोन वाजला. पुन्हा चित्र. पुण्याच्या कुठल्याशा पार्किंगमध्ये एक गाडी, कव्हर काढून बाजूला घडी करून ठेवलेलं. हँडलवर हळदीचा पिवळा, तेलकट पट्टा, आणि त्यावर तिचा उजवा हात. मोडलेला तोच.

खाली लिहिलं होतं, लोणी नव्हतं, फ्रिजमधलं बटर लावलं, वॉचमनकाका हसले.

मी विचारलं, "चालवली का?"

ती लिहिते आहे, पुसते आहे, पुन्हा लिहिते आहे, हे दिसत होतं. मग आलं.

"नाही. हात थरथरतोय. आज नुसतं आवतण."